विद्यापीठात नोकरी, पण प्राध्यापकाची नव्हे

कुणाची मुलगी युनिव्हर्सिटीत लागली असं कळलं की आपल्याकडे पहिला प्रश्न ठरलेला, "प्रोफेसर म्हणून का?" नाही म्हटलं तर "मग ऑफिसात?" या दोन्हींच्या मधे प्रयोगशाळा, वर्कशॉप, पोथ्यांची भांडारं सांभाळणारे खूप लोक असतात. आम्ही काही जण त्यातलेच. हल्ली अशा जागांबद्दल विचारायला बरेच पालक येतात, म्हणून हे लिहितो आहोत.

बडोद्याला हे काम नवं नाही. महाराजा सयाजीराव विद्यापीठ १९४९ साली स्थापन झालं. त्यातल्या प्राच्यविद्या मंदिराने वाल्मीकी रामायणाची चिकित्सक आवृत्ती सात खंडांत काढली, शेवटचा खंड १९७५ साली आला. मुखपृष्ठावर संपादकांची नावं आहेत. पण ठिकठिकाणच्या पोथ्या मिळवायच्या, एकेका श्लोकाचे पाठभेद ताडून उतरवायचे, हे काम अनेक हातांनी वर्षानुवर्षं केलं तेव्हा तो ग्रंथ उभा राहिला.

विज्ञानातही तसंच आहे. रसायनशास्त्रातल्या एनएमआर यंत्राचं चुंबक द्रवरूप हेलियममध्ये, उणे २६९ अंशांवर बुडालेलं असतं. त्याच्या बाहेरच्या भांड्यात उणे १९६ अंशांचा द्रवरूप नायट्रोजन असतो आणि तो थोड्या थोड्या दिवसांनी भरावाच लागतो. एक लिटर द्रव उडाला की सुमारे सातशे लिटर वायू होतो. बंद खोलीत तो प्राणवायूची जागा घेतो, आणि त्याला वास नसल्यामुळे गुदमरतोय हे माणसाला कळतही नाही. म्हणून जाणता तंत्रज्ञ आधी दार उघडतो, मग भरायला घेतो. दिवाळीत विद्यापीठ बंद असतं, यंत्र नसतं. फराळ अर्धा टाकून आम्ही गेलेलो आहोत.

आता नोकरीचं. मंजूर जागा आणि प्रकल्पातली जागा यांतला फरक घरच्यांना ठाऊक हवा. मंजूर जागेची जाहिरात निघते, वेतनश्रेणी असते, ती निवृत्तीपर्यंतची असते. प्रकल्पाची जागा अनुदान असेपर्यंतच. प्रकल्प बहुधा तीन वर्षांचा, आणि नेमणुकीचं पत्र अनेकदा वर्षावर्षाचं. नेट किंवा गेट झालेल्या ज्युनियर रिसर्च फेलोला जानेवारी २०२३ पासून महिना ३७,००० रुपये आणि घरभाडं मिळतं, सीनियर झाल्यावर ४२,०००. रक्कम वाईट नाही, पण अनुदानाचा हप्ता लांबला की पगारही लांबतो.

आमच्यातल्या एकाने परगावच्या एका संस्थेत तीन प्रकल्पांत मिळून आठ वर्षं काढली. कायम जागेची जाहिरात निघाली तेव्हा वयाची अट ओलांडून चार महिने झाले होते. प्रकल्पातली वर्षं मोजतील असं तोंडी सांगितलेलं होतं. कागदावर काहीच नव्हतं.

म्हणून मुलांनी रुजू होण्याआधी विचारावं : पत्र कुठल्या तारखेपर्यंतचं आहे? पीएच.डी.ला नाव नोंदवता येईल का? यंत्र चालवायचं प्रशिक्षण मिळाल्याचा दाखला देणार का? शोधनिबंधात नाव येणार का? विचारायला संकोच वाटतो, आम्हालाही वाटला होता. उत्तरं मिळाली तर ती ईमेलवर मागून घ्यावीत.

पत्र हातात आलं असेल आणि त्यातली भाषा कळत नसेल, तर रविवारी सकाळी ते घेऊन मंडळात या. आम्ही असतोच.