पाच सेकंदांची चूक

रस्त्यावर गाडी घसरली तर त्या घसरण्याची किंमत आधी कळत नाही. कधी बंपरवर निभावतं, कधी जीव जातो. स्किडपॅनवर ही किंमत सकाळीच ठरलेली असते: मार्गात उभ्या केलेल्या काठीला धक्का लागला की फेरीच्या वेळेत पाच सेकंदांची भर. ऑस्ट्रेलियातल्या मोटर क्लबांच्या मोटरखाना स्पर्धांचा हा नियम. स्किडपॅन म्हणजे गाडी मुद्दाम घसरवता यावी म्हणून राखलेलं डांबराचं सपाट, मोकळं अंगण. त्यावर पाणी सोडलं की ते निसरडं होतं. सिडनीच्या पश्चिमेला ईस्टर्न क्रीकच्या ज्या संकुलात १९९१ ते १९९६ या काळात मोटरसायकलींच्या जागतिक ग्रां प्री शर्यती झाल्या, तिथे मुख्य ट्रॅकशिवाय असं एक अंगणही आहे. ट्रॅकवर वेगाचं कौतुक. अंगणात मात्र हौशी माणसं रोजच्या वापरातली छोटी मोटार काठ्यांभोवती फिरवतात, आणि बराचसा वेळ पहिल्या गिअरच्या आणि रिव्हर्सच्या पलीकडे जात नाहीत. पाहणाऱ्याला हा खेळ पोरकट वाटू शकतो. मला तो फार शहाणा वाटतो. माणसाच्या हातात कसब यायचं तर चूक परवडणारी हवी, आणि त्या कसबाचा माज चढू नये यासाठी प्रत्येक चुकीची नोंद हवी. या दोन्ही गोष्टी एकाच ठिकाणी क्वचित सापडतात. मोटरखान्यात त्या सापडतात.

नाव मराठी कानाला ओळखीचं वाटतं, आणि ती ओळख खरी आहे. दवाखाना, कारखाना, तोफखाना यांच्या पंगतीतला ‘जिमखाना’ हा शब्द हिंदुस्थानातच घडला. ‘गेंदखाना’ या शब्दावर इंग्रजांच्या ‘जिम्नॅस्टिक’चा संस्कार होऊन तो तयार झाला, असं मानलं जातं. मुंबईचा बॉम्बे जिमखाना १८७५ चा, पुण्याचा डेक्कन जिमखाना १९०६ चा. आपल्या शाळा-कॉलेजांत आजही खेळांच्या विभागाला जिमखानाच म्हणतात. इंग्रजांनी हा शब्द घोड्यावरच्या चपळाईच्या खेळांनाही लावला. पुढे घोड्याच्या जागी मोटार आली आणि ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडमध्ये ‘मोटरखाना’ झाला. खेळाचा पिंड तोच राहिला. घोडा किती जोरात धावतो यापेक्षा तो स्वाराचं किती ऐकतो, हे तिथे पाहिलं जाई. इथे तेच मोटारीच्या बाबतीत पाहिलं जातं.

एक फेरी जवळून पाहावी. आधी चालक नकाशाचा कागद हातात घेऊन सगळा मार्ग पायी फिरतो, कारण कोणत्या काठीला कोणत्या बाजूने वळसा घालायचा हे चुकलं तर ती फेरीच गेली. मग गाडी रेषेवर उभी राहते आणि खूण होताच सुटते. क्लच घाईने सोडला तर चाकं जागीच गरगरतात, इंजिन ओरडतं आणि गाडी मात्र हलत नाही. पहिल्या काठीपाशी चालक स्टेअरिंग वळवतो, क्लच दाबतो आणि हॅन्डब्रेक खेचतो. त्या क्षणी मागच्या चाकाकडे पाहावं. टायरवरची अक्षरं वाचता येतील इतकं ते फिरायचं थांबलेलं असतं, आणि तरीही पाणी बाजूला सारत आडवं सरकत असतं. गाडीचं शेपूट काठीभोवती फिरतं. हॅन्डब्रेक एक श्वासभर लवकर सुटला तर वळण अपुरं राहतं. उशिरा सुटला तर गाडी गरजेपेक्षा जास्त फिरते आणि तोंड भलतीकडे होतं. पुढे दोन काठ्यांमधल्या ‘गॅरेज’मध्ये रिव्हर्स घ्यायची, पुन्हा पहिला गिअर टाकायचा, आणि शेवटी रेषा गाडीच्या पोटाखाली येईल अशा बेताने थांबायचं. सगळा मामला साधारण अर्ध्या मिनिटाचा. त्यात पाच सेकंदांचा दंड म्हणजे सहावा हिस्सा गेला. कुणाला इजा नाही, पण दिवसभराच्या क्रमवारीत खाली घसरायला तेवढं पुरतं.

या अर्ध्या मिनिटात जे शिकायला मिळतं ते मुळात घर्षणाचं गणित आहे. टायरजवळ पकडीची एकच थैली असते. ब्रेकचा खर्च तिच्यातून, वळण्याचा खर्चही तिच्यातूनच. हॅन्डब्रेकने मागची चाकं जखडली की त्यांची थैली घसरण्यातच रिती होते, आडवं धरून ठेवायला काही उरत नाही, म्हणून शेपूट सुटतं. कोरड्या डांबरावर घर्षणांक ०.८ धरला तर ताशी ४० किलोमीटरवरून गाडी सुमारे ८ मीटरांत थांबते. निसरड्या पृष्ठभागावर तोच ०.३ झाला की सुमारे २१ मीटर लागतात, आणि वेग दुप्पट केला की अंतर चौपट. हे सूत्र शाळेत सगळेच लिहितात. ओल्या डांबरावर शेवटची रेषा डोळ्यांसमोर मागे निघून जाते आणि पाय ब्रेकवर असूनही गाडी थांबत नाही, तेव्हा ते अंगात भिनतं. घसरणाऱ्या टायरची पकड फिरत्या टायरपेक्षा कमी असते. म्हणून पाण्याचे फवारे उडवत आडवी जाणारी देखणी फेरी स्टॉपवॉचवर हमखास मागे पडते, आणि जिच्यात काहीच घडलं नाही असं वाटतं ती शांत फेरी पुढे असते. इंजिनाच्या मोठेपणाचाही इथे उपयोग नाही, कारण जास्तीचा जोर चाकं गरगरवण्यातच जातो. या खेळासाठी घरीच बांधलेल्या काही उघड्या गाड्यांना मागच्या डाव्या-उजव्या चाकांचे ब्रेक वेगवेगळे असतात. शेताच्या कडेला एकाच बाजूचा ब्रेक दाबून ट्रॅक्टर जागच्या जागी वळवणाऱ्या आपल्या शेतकऱ्याला ही युक्ती समजावून सांगावी लागणार नाही.

यावर एक गंभीर आक्षेप आहे आणि तो झटकून टाकता येत नाही. गाडी घसरवायला शिकवाल तर पोरं रस्त्यावर घसरवतील, हे त्याचं साधं रूप. त्याला पुराव्याचा आधारही आहे. नॉर्वेत १९७९ पासून नव्या चालकांना निसरड्या रस्त्यावरचं प्रशिक्षण सक्तीचं केलं गेलं. पुढे मूल्यमापन झालं तेव्हा अपघातांत अपेक्षित घट दिसली नाही. तरुण पुरुषांचे अपघात तर वाढल्याचं आढळलं. स्वीडनमध्ये संशोधक ग्रेगर्सेन यांनी १९९६ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात एका गटाला कसब शिकवलं, तर दुसऱ्या गटाला आपलं कसब किती तोकडं आहे याची जाणीव करून दिली. नंतर दोघांचं प्रत्यक्ष कसब सारखंच भरलं, पण पहिला गट स्वतःला जास्त तरबेज समजू लागला होता. १९९९ मध्ये स्वीडनने आपल्या प्रशिक्षणाचा रोख बदलला आणि धोक्याच्या जाणिवेवर भर दिला. तेव्हा ‘स्किडपॅनवर शिकलेला रस्त्यावर सुरक्षित’ असा सरळ हिशेब मांडणं चूक आहे, आणि मोटरखान्याने अपघात घटतात असा दावा मी करणार नाही.

पण हा पुरावा नीट वाचला तर तो मोटरखान्याच्या विरोधात जात नाही. मोटरखान्यात काय जपायला हवं तेच सांगतो. घात करतो तो कसबाचा फुगवलेला अंदाज. प्रशिक्षणवर्गात माणूस दोन-चार वेळा गाडी सावरतो, शाबासकी मिळते, आणि ‘मला जमलं’ हीच शेवटची आठवण घेऊन तो घरी जातो. मोटरखान्यात दिवसभर एकामागून एक चाचण्या होतात, प्रत्येक फेरीची वेळ लिहिली जाते आणि ती सगळ्यांसमोर असते. ‘ही फेरी झकास गेली’ असं मनाशी म्हणत उतरलेल्याला कागद सांगतो की जुनाट गाडी घेऊन आलेली बाई तीन सेकंदांनी पुढे आहे, किंवा एखादा शाळकरी मुलगा. कारण ऑस्ट्रेलियात या खेळात परवाना मिळण्याआधीच्या वयाची मुलंही उतरू शकतात. आपला अंदाज आणि प्रत्यक्ष यांतलं अंतर असं पुन्हा पुन्हा, दशांशांत मोजून हातात दिलं जातं. ग्रेगर्सेनच्या दुसऱ्या गटाला जी जाणीव मुद्दाम करून द्यावी लागली, ती इथे खेळाच्या रचनेतच बसवलेली आहे. म्हणून क्लबांनी घड्याळाशी आणि दंडाशी कधीही तडजोड करू नये. वेळ न मोजता नुसती मजा म्हणून गाड्या घसरवल्या, तर आक्षेप घेणारे बरोबर ठरतील.

दुसरा आक्षेप नव्या तंत्राचा आहे. ऑस्ट्रेलियात नव्या मोटारींना गाडी सावरणारी इलेक्ट्रॉनिक यंत्रणा आता सक्तीची आहे, मग हे कसब हवं कशाला? ही यंत्रणा जीव वाचवते, यात शंका नाही. पण ती पकडीच्या थैलीतला खर्च नीट वाटून देते. थैली मोठी करत नाही. वळणावर किती वेगाने शिरायचं हा निर्णय चालकाचाच असतो, आणि तो चुकला तर सावरायला पकडच शिल्लक राहत नाही. निसरड्या डांबरावर चालकाला जे ओळखता यायला हवं ते हेच: पकड संपत आली हे गाडी कशी सांगते, स्टेअरिंग हलकं कसं लागतं, शेपूट किती आधी कुजबुजू लागतं.

तिसरी गोष्ट हौशीपणाची. इथे पगारी यंत्रणा नावापुरती असते. सकाळी गाड्यांची तपासणी होते: बॅटरी घट्ट बांधलेली आहे ना, पट्टे धड आहेत ना, गाडीत सुटं सामान उरलं नाही ना. ज्याची फेरी झाली तो स्टॉपवॉच हातात घेतो, दुसरा पाडलेली काठी धावत जाऊन तिच्या खुणेवर पुन्हा उभी करतो. आत्ता स्वतः काठी पाडून आलेला माणूस पाच मिनिटांनी दुसऱ्याच्या नावापुढे पाच सेकंद लिहितो, तेव्हा त्या नोंदीत कुचेष्टा राहत नाही. दंड देणारा आणि घेणारा आलटून पालटून तेच असल्यामुळे चूक लपवावीशी वाटत नाही. कसब शिकण्यासाठी याहून चांगली संगत मला माहीत नाही.

आपल्याकडे परवान्यासाठी आरटीओसमोर ‘आठ’ काढला की परीक्षा संपते. मग मृगाचा पहिला पाऊस येतो, रस्त्यावरची धूळ आणि तेल त्यात कालवलं जातं, आणि गाडी घसरणं म्हणजे काय हे माणसं चालत्या वाहतुकीत पहिल्यांदा शिकतात. तिथे चुकीची किंमत आधी ठरलेली नसते, आणि ती मोजायला स्टॉपवॉच धरून कुणी उभं नसतं. जिमखाना हा शब्द ज्या भूमीने दिला, तिथल्या मुलांनाही चूक पाच सेकंदांत फेडता येईल असं एखादं ओलं अंगण मिळायला हवं.