आंट लीडियाची साक्ष

मी सत्र न्यायालयात लघुलेखिका होते. साक्षीदार पिंजऱ्यात उभा राहून बोलायचा, न्यायाधीश साहेब मजकूर सांगायचे आणि मी उतरवून घ्यायचे. फिर्यादी, पंच, डॉक्टर, तपास अधिकारी यांच्या साक्षी ठरल्याप्रमाणे पार पडायच्या. अख्खं कोर्ट कान टवकारायचं ते माफीचा साक्षीदार आला की. गुन्ह्यात स्वतः सामील असलेला हा माणूस. हातचं काही न राखता सगळं खरं सांगेन, या अटीवर त्याला माफी मिळालेली असते. कट कुठे शिजला, पैसे कुणी पुरवले, पाळत कुणी ठेवली, हे त्याच्याइतकं बाहेरच्या कुणालाच ठाऊक नसतं. आणि त्याच्याइतका कमी विश्वासही कुणावर ठेवला जात नाही.

मार्गारेट ॲटवुड यांची ‘द टेस्टामेंट्स’ (२०१९) वाचताना तो पिंजरा मला सारखा दिसत होता. या कादंबरीची आधीची गोष्ट, ‘द हँडमेड्स टेल’, १९८५ ची. अमेरिकेत लोकशाही उलथवून गिलियड नावाची धर्मसत्ता आली आहे आणि मूल होऊ शकणाऱ्या बायका बड्या अधिकाऱ्यांच्या घरी दासी म्हणून वाटल्या जात आहेत. ती कथा सांगते एक दासीच. वरच्यांच्या मनात काय चाललंय ते तिला कळत नाही, आणि वाचकाची भीती त्या न कळण्यातूनच वाढत जाते. तिथली आंट लीडिया म्हणजे गुरं हाकायची विजेची काठी घेऊन बायकांना वठणीवर आणणारी बाई. चौतीस वर्षांनी ॲटवुडनी लेखणी तिच्याच हातात दिली.

ती कुठे लिहिते पाहा. आंट मंडळींचं ठाणं असलेल्या आर्डुआ हॉलच्या ग्रंथालयात, निषिद्ध पुस्तकांच्या दालनात बसून. बाकी बायकांना अक्षरही वाचायची बंदी आहे. ‘आंट’ना, म्हणजे लीडियासारख्या बायकांना वळण लावणाऱ्यांना, तेवढी मुभा. लिहिलेले कागद ती कार्डिनल न्यूमन यांच्या आत्मसमर्थनाच्या ग्रंथात, आतली पानं कोरून केलेल्या खळग्यात लपवते. ॲटवुडनी हे पुस्तक सहज निवडलेलं नाही.

पूर्वी लीडिया कौटुंबिक न्यायालयात न्यायाधीश होती. सत्तापालट होताच तिला अनिता या सहकारी बाईबरोबर पकडून एका स्टेडियमवर नेतात. तिथे वकील आणि न्यायाधीश बायका बाकांवर खच्चून बसवलेल्या. पाणी अपुरं, संडास तुंबलेले, आणि समोर मैदानात डोळे बांधलेल्या बायकांना गोळ्या घातल्या जातात. पुढे अंधारकोठडी, मारहाण. मग अचानक हॉटेलची खोली, गरम पाणी, स्वच्छ पलंग. शेवटी हातात बंदूक. समोर उभ्या केलेल्या बायकांत अनिता असते. लीडिया गोळी झाडते.

इतिहासात कुठे ना कुठे घडलं नाही असं काही लिहायचं नाही, हा ॲटवुड यांचा नियम. चिलीत १९७३ च्या लष्करी उठावानंतर सान्तियागोच्या राष्ट्रीय स्टेडियमवर खरोखरच हजारो माणसं डांबली होती. हुकूमशाही चालवायला कारकून, शिक्षक, न्यायाधीश लागतात, आणि ते लीडियासारखे मोडून तयार केले जातात. छळ सोसणाऱ्याच्या तोंडून हा भाग कधीच कळला नसता. ऑर्वेलच्या ‘१९८४’ मधला छळ करणारा ओब्रायन भरपूर बोलतो, पण आपल्याला तो छळ सोसणाऱ्या विन्स्टनच्याच नजरेतून दिसतो. सुझान कॉलिन्स यांनी २०२० च्या कादंबरीत उकडलेल्या कोबीवर दिवस काढणारा अठरा वर्षांचा स्नो दाखवला. पुढे तोच क्रूर राष्ट्राध्यक्ष होतो. तेही जमलंय, पण लीडिया मला जास्त अस्वस्थ करते, कारण ती आपली बाजू मांडण्यात पटाईत आहे.

पिंजऱ्यातल्या माणसाची एक सवय मी कायम पाहिली. स्वतः सोसलेलं सांगताना वेळ, जागा, अंगावरचे कपडे, सगळं आठवतं. दुसऱ्यावर केलेलं आलं की गाडी वेगात पुढे. लीडियाही तशीच. स्टेडियमचा एकेक तास ती सांगते. पण जिथे दासी ‘घडवल्या’ गेल्या त्या रेड सेंटरला तिच्या कागदांत जेमतेम जागा मिळते.

१८७२ च्या भारतीय पुरावा कायद्यात साथीदाराच्या साक्षीला महत्त्वाच्या तपशिलांत दुजोरा शोधावा, असं सूचित केलं होतं. ॲटवुडनी तो दुजोरा कादंबरीच्या रचनेतच ठेवला आहे: लीडियाच्या कागदांना लागून दोन तरुण मुलींच्या साक्षी येतात. तिने वर्षानुवर्षं अधिकाऱ्यांची गुपितं जमवली, ती याच मुलींच्या हाती देशाबाहेर धाडली आणि गिलियडला सुरुंग लावला, हे खरं ठरतं. त्या कामासाठी तिने मुलींना जिवावरच्या प्रवासाला लोटलं आणि मागे राहिलेली त्यांची मैत्रीण प्राणाला मुकली, हेही खरं ठरतं. पहिल्याचं श्रेय मी तिला मनापासून देते. पण त्यासाठी दुसरं वजा करायला मी तयार नाही, आणि अनितालाही नाही.

म्हणून ‘द टेस्टामेंट्स’ने सुरुवात करू नका. आधी १९८५ ची कादंबरी घ्या. पळून जाऊ पाहणाऱ्या मोइरा नावाच्या बाईच्या पायांवर रेड सेंटरमध्ये पोलादी तारांनी कसं मारलं, ते वाचा. मग लीडियाचं म्हणणं ऐका.