दिवेलागणीनंतरची शाळा : चंद्रपूर–गडचिरोलीचे वार्तापत्र

एडिसन किंवा त्यासारख्या अमेरिकी उपनगरात स्थिरावलेल्या मराठी कुटुंबाला सार्वजनिक हायस्कूल म्हटले की वर्ग आणि परीक्षा यांच्या बरोबरीने वाद्यवृंद, वादविवाद मंडळ, रोबोटिक्स, पोहण्याचा संघ, नाटक आणि समाजसेवेचे तास असा दुपारनंतरचा मोठा पसारा आठवतो, आणि मुलाच्या घडणीचा बराचसा भाग त्या पसाऱ्यातच पार पडतो, हे पालकांच्या चांगले परिचयाचे असते. हा पसारा दोन आधारांवर उभा आहे. पहिला आधार स्थानिक मालमत्ता कराचा, म्हणजे घराच्या किमतीनुसार दरवर्षी आकारल्या जाणाऱ्या कराचा, ज्यातून शाळेच्या खर्चाचा मोठा वाटा उचलला जातो. दुसरा आधार संध्याकाळी सराव संपल्यावर मुलाला न्यायला येणाऱ्या घराचा. टेक्सासमधील सॅन अँटोनियो शहरात 1967-68 साली एजवूड या गरीब वस्तीत दर विद्यार्थ्यामागे 356 डॉलर, तर शेजारच्या अलामो हाइट्स या सधन वस्तीत 594 डॉलर खर्च होत होते. ही तफावत संघराज्याच्या घटनेचा भंग ठरत नाही, असा निर्णय तेथील सर्वोच्च न्यायालयाने 1973 मध्ये पाच विरुद्ध चार मतांनी दिला. राहते घर कोठे आहे यावर तेथे शाळा ठरते. चंद्रपूर आणि गडचिरोली या वनजिल्ह्यांतील शाळा परदेशस्थ वाचकाला समजावून सांगायची तर हे दोन्ही आधार नाहीत असे धरूनच सुरुवात करावी लागते, कारण येथे कर देण्याजोगी मालमत्ता नाही आणि संध्याकाळी ज्या घरी परतायचे ते घर दोन नाले आणि एक डोंगर ओलांडून पलीकडे आहे.

26 ऑगस्ट 1982 रोजी जुन्या चंद्रपूर जिल्ह्याचे विभाजन होऊन गडचिरोली जिल्हा अस्तित्वात आला. 2011 च्या जनगणनेनुसार त्याचे क्षेत्रफळ 14,412 चौरस किलोमीटर आणि लोकसंख्या 10,72,942 आहे, म्हणजे एका चौरस किलोमीटरमध्ये सरासरी 74 माणसे राहतात. उत्तरेच्या कोरचीपासून दक्षिणेच्या सिरोंच्यापर्यंतचा रस्ता तीनशे किलोमीटरांहून लांब आहे, आणि पावसाळ्यात पर्लकोटा नदीला पूर आला की भामरागडचा संपर्क तुटतो, ही दरवर्षीची बातमी असते. चंद्रपूर जिल्हा कोळसा, सिमेंट आणि वीज यांमुळे सधन मानला जातो. तरी त्याच्या दक्षिणेचा जिवतीचा डोंगराळ टापू, जेथे गोंडांबरोबर कोलामांचे पाडे आहेत, गडचिरोलीच्या जंगलाशीच नाते सांगतो. अशा प्रदेशात चार-सहा घरांच्या टोल्यासाठी माध्यमिक शाळा काढता येत नाही, त्यामुळे मुलांनीच शाळेत राहायला यायचे, ही व्यवस्था स्वाभाविकपणे पुढे आली.

या व्यवस्थेचे नाव आश्रमशाळा. आदिवासी मुलांच्या निवास, भोजन, गणवेश आणि शिक्षणाचा भार जेथे शासन उचलते ती ही शाळा असून बहुतेक ठिकाणी ती दहावीपर्यंत आणि काही ठिकाणी बारावीपर्यंत चालते. महाराष्ट्रात 1953-54 पासून स्वयंसेवी संस्थांना अनुदान देऊन अशा शाळा सुरू झाल्या आणि 1972-73 पासून शासनाने स्वतःच्या आश्रमशाळा उघडल्या. आज राज्यात सुमारे पाचशे शासकीय आणि त्याहून थोड्या अधिक अनुदानित आश्रमशाळा आहेत. त्या शालेय शिक्षण विभागाच्या अखत्यारीत नसून आदिवासी विकास विभागाकडे आहेत, आणि त्यांचा कारभार एकात्मिक आदिवासी विकास प्रकल्प या कार्यालयांतून पाहिला जातो. गडचिरोली जिल्ह्यात गडचिरोली, अहेरी आणि भामरागड अशी तीन, तर चंद्रपूर जिल्ह्यात चंद्रपूर आणि चिमूर अशी दोन प्रकल्प कार्यालये आहेत. तळोधी आणि घोट येथील नवोदय विद्यालये किंवा केंद्राच्या एकलव्य निवासी शाळा प्रवेशपरीक्षेतून निवडलेल्या मुलांच्या आहेत. आश्रमशाळा मात्र येईल त्या मुलाची आहे, म्हणून सार्वजनिक हायस्कूलशी तुलना करायची तर ती आश्रमशाळेचीच केली पाहिजे.

विदर्भातल्या शाळा उन्हामुळे उर्वरित महाराष्ट्राच्या नंतर, जूनच्या अखेरीस उघडतात. त्या आठवड्यात आश्रमशाळेच्या फाटकाशी पत्र्याच्या पेट्या रांगेने मांडलेल्या असतात; पेटीत दोन जोड कपडे, टॉवेल, खोबरेल तेलाची बाटली, साबण आणि कधी घरून बांधून दिलेला चिवडा, आणि पेटीच्या झाकणावर रंगाने घातलेले मुलाचे नाव. पहिलीत दाखल होणारे मूल सहा वर्षांचे असते. दिवसाची शाळा सुटल्यापासून रात्री निजेपर्यंतचा काळ या मुलांनी कसा घालवायचा, हा प्रश्न अमेरिकी उपनगरात पालक आणि शाळा मिळून सोडवतात. आश्रमशाळेत तो एका अधीक्षकावर आणि एका अधीक्षिकेवर येऊन पडतो. बोअरवेलशी कपडे धुणे, ताट घेऊन रांगेत उभे राहणे, तांबड्या मातीच्या मैदानावर चुन्याने आखलेल्या रेषांत कबड्डी, दिवे लागल्यावर वह्या उघडणे आणि मच्छरदाणीत शिरणे, असा तो क्रम असतो. महाराष्ट्रातील हिवतापाचा सर्वाधिक भार गडचिरोलीवर असल्याने मच्छरदाणी ही तेथे पाठ्यपुस्तकाइतकीच आवश्यक वस्तू आहे. निवासी शाळांतील विद्यार्थ्यांच्या मृत्यूंचा अभ्यास करण्यासाठी डॉ. सुभाष साळुंखे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमावी लागली आणि तिचा अहवाल 2016 मध्ये आला, ही घटना या व्यवस्थेच्या इतिहासात कधीही दुय्यम मानली जाऊ नये. मूल चोवीस तास ज्यांच्या स्वाधीन असते, त्यांचे उत्तरदायित्वही चोवीस तासांचे असते.

परदेशातील मराठी वाचकाला या शाळेतली एक गोष्ट इतर कोणापेक्षाही लवकर उमगेल. त्याचे मूल घरी मराठी ऐकते, सोमवार ते शुक्रवार इंग्रजीत शिकते आणि रविवारी बृहन्महाराष्ट्र मंडळाच्या मराठी शाळेत जाते. भामरागड किंवा एटापल्लीतले मूल घरी माडिया बोलते आणि शाळेत पाऊल टाकताच त्याला मराठीत शिकावे लागते; म्हणजे येथे इंग्रजीच्या जागी मराठी आहे, आणि रविवारच्या शाळेसारखी मातृभाषेची दुसरी शाळा मात्र नाही. पहिली-दुसरीत गप्प बसणाऱ्या मुलाला मंद समजले जाते, तेव्हा ते बहुधा केवळ ऐकत असते. या उणिवेवर धानोरा तालुक्यातील मोहगावच्या ग्रामसभेने 2019 मध्ये स्वतःचा उपाय काढला आणि पारंपरिक कोया ज्ञानबोध संस्कार गोटुल या नावाने गोंडी माध्यमाची शाळा सुरू केली. तिच्या शासनमान्यतेचा प्रश्न उभा राहिला. परंतु तिच्या नावातच एक जुना विचार आहे. गोटुल म्हणजे गावाची सामायिक वास्तू, जेथे तरुण मुले-मुली संध्याकाळी जमत, मोठ्यांच्या देखरेखीखाली नाच-गाणी, चालीरीती आणि गावकीची कामे शिकत आणि गावाच्या बैठकाही भरत. उपनगरातल्या शाळेत वेगवेगळ्या मंडळांतून जे दिले जाते, त्यातले बरेच काही या वास्तूत गावाच्या खर्चाने आणि गावाच्या भाषेत मिळत होते. आश्रमशाळेने मुलाला गोटुलपासून दूर नेले आणि संध्याकाळ रिकामी ठेवली, ही या शिक्षणपद्धतीची सर्वांत मोठी आणि सर्वांत कमी बोलली गेलेली हानी आहे.

ती टाळता येते, याचा पुरावा याच जंगलात आहे. बाबा आमटे यांनी 23 डिसेंबर 1973 रोजी हेमलकसा येथे लोकबिरादरी प्रकल्प सुरू केला, डॉ. प्रकाश आणि डॉ. मंदाकिनी आमटे यांनी तेथे दवाखाना उभा केला आणि 1976 मध्ये निवासी शाळा सुरू झाली. दवाखाना, शेती, अनाथ वन्य प्राण्यांचे संगोपन आणि शाळा एकाच आवारात असल्याने तेथील मुलांच्या डोळ्यांसमोर मोठ्यांचे काम सतत चालू असते, आणि त्यातून ती जे शिकतात त्याला वेगळ्या तासिकेची गरज पडत नाही. आमटे दांपत्याला 2008 चा मॅगसेसे पुरस्कार मिळाला, तो रुग्णसेवेइतकाच या शाळेचाही गौरव होता. मात्र हेमलकसा हे ध्येयवादी कुटुंबाने आयुष्य वेचून उभे केलेले स्थान आहे. शासकीय शाळेकडून तशा आयुष्याची अपेक्षा धरता येत नाही. तिच्याकडून वेळापत्रकाची आणि मनुष्यबळाची अपेक्षा नक्कीच धरता येते.

शासकीय यंत्रणेच्या हातून काय घडू शकते, ते मिशन शौर्य या मोहिमेने दाखवले. तिला पूर्वपीठिका होती : शेजारच्या तेलंगणातील समाजकल्याण निवासी शाळेची मालावत पूर्णा 25 मे 2014 रोजी, वयाला चौदा वर्षे पूर्ण होण्याआधी, एव्हरेस्टच्या माथ्यावर पोहोचली होती. चंद्रपूरचे तत्कालीन जिल्हाधिकारी आशुतोष सलिल यांच्या पुढाकाराने आणि आदिवासी विकास विभागाच्या सहभागाने देवाडा, बोर्डा आणि जिवती येथील आश्रमशाळांतून मुले-मुली निवडली गेली. वर्धा, हैदराबाद, दार्जिलिंग आणि लडाख असे प्रशिक्षणाचे टप्पे ठरले. 45 अंशांहून अधिक तापणाऱ्या चंद्रपूरच्या मुलांना बर्फाची सवय करायची होती, दोर आणि बुटांना लावायचे लोखंडी काटे हाताळायचे होते, आणि विरळ हवेत पावले कशी टाकायची ते शिकायचे होते. ज्यांनी गुरांमागे डोंगर पालथे घातले, मोहफुले वेचायला पहाटे जंगल गाठले आणि पाणी डोक्यावरून वाहिले, त्यांच्या पायांत दम होताच. प्रशिक्षकांनी त्याला शिस्त आणि तंत्र दिले. अंतिम मोहिमेतील दहा जणांपैकी पाच जण मे 2018 च्या मध्यावर 8,848 मीटर उंचीच्या शिखरावर पोहोचले, आणि त्यांत एक मुलगी होती. पुढील वर्षी ही मोहीम राज्यातील इतर आश्रमशाळांपर्यंत विस्तारली.

या यशाचे कौतुक योग्यच झाले. तथापि त्यातील शैक्षणिक अर्थ नीट वाचला गेला पाहिजे. शिखर पाच जणांनी गाठले, परंतु त्यामागे महिनोन्महिने ठरलेल्या वेळी धावणे, ठरलेला आहार, रोज लक्ष देणारा प्रशिक्षक आणि चूक झाली तरी दुसऱ्या दिवशी पुन्हा मिळणारी संधी होती. उपनगरातील पोहण्याच्या संघातील मुलाला हेच मिळत असते, आणि त्यासाठी त्याच्या पालकांना गाडी, पेट्रोल व सुट्टीचा शनिवार खर्ची घालावा लागतो. आश्रमशाळेत मूल आवारातच राहते, मैदान दारात असते, पहाट आणि संध्याकाळ दोन्ही मोकळ्या असतात. जे अमेरिकी शाळेला पालकांकडून मागून घ्यावे लागते ते येथे आयतेच उपलब्ध आहे. आदिवासी विकास विभागाच्या प्रकल्पस्तरीय आणि विभागस्तरीय क्रीडा स्पर्धा दरवर्षी होतात, त्यांत कबड्डी, खो-खो आणि धावण्याच्या शर्यती चुरशीने खेळल्या जातात. परंतु अनेक शाळांत सराव स्पर्धेच्या आधीच्या काही आठवड्यांपुरता होतो, आणि स्पर्धा आटोपली की मैदान पुन्हा मुलांच्या मर्जीवर सोडले जाते.

इतर उपक्रमांचा उल्लेख थोडक्यात पुरेल. डॉ. राणी बंग यांनी सर्च या संस्थेतर्फे चालवलेला तारुण्यभान हा कार्यक्रम किशोरवयीन मुला-मुलींशी शरीर, लैंगिकता आणि जबाबदारी यांविषयी मोकळेपणाने बोलतो, आणि आईपासून दूर वाढणाऱ्या मुलींच्या शाळेत त्याचे मोल वेगळे सांगायला नको. गडचिरोली पोलीस दल अतिदुर्गम गावांतील विद्यार्थ्यांना महाराष्ट्र दर्शन सहलीवर नेते. नक्षलवाद आणि बंदोबस्त यांच्या सावलीत वाढलेली मुले त्यात प्रथमच रेल्वे आणि समुद्र पाहतात. जी मुले घरून ये-जा करतात, त्यांतील मुलींसाठी मानव विकास कार्यक्रमातून निळ्या रंगाच्या एसटी बस धावतात. अमेरिकेत शाळेच्या बसचा पिवळा रंग 1939 च्या एका परिषदेने निश्चित केला. येथील निळ्या बसने त्याहून मोठे काम केले आहे, कारण सातवीनंतर घरी बसवली जाणारी मुलगी तिच्यामुळे बारावीपर्यंत पोहोचते.

दहावीनंतर वाट फुटते. काही मुले अहेरी, गडचिरोली, चंद्रपूर किंवा नागपूरच्या शासकीय वसतिगृहांत जातात. वसतिगृहात जागा न मिळालेल्यांना भोजन-निवासासाठी पंडित दीनदयाळ उपाध्याय स्वयम् योजनेतून बँक खात्यात रक्कम मिळते, आणि 2011 मध्ये स्थापन झालेल्या गोंडवाना विद्यापीठामुळे पदवीसाठी नागपूर गाठण्याची सक्ती उरलेली नाही. फार मोठा गट मात्र पोलीस भरतीची तयारी करतो. उजाडण्यापूर्वी रस्त्याच्या कडेने मुलगे 1600 मीटरची आणि मुली 800 मीटरची धाव घड्याळ लावून मारतात, मोकळ्या रानात गोळाफेकीचा सराव होतो, आणि दिवसभर सामान्यज्ञानाची पुस्तके फिरत राहतात. ही मुले आश्रमशाळेत दहा वर्षे राहिली. धावायचे कसे, गोळा कसा धरायचा, वाचनाची सवय कशी लावायची, हे त्या दहा वर्षांच्या संध्याकाळी त्यांना शिकवता आले असते. आज त्यासाठी त्यांच्या घरचे तेंदूपानाच्या हंगामाचे पैसे बाजूला काढून तालुक्याच्या ठिकाणच्या खासगी अकादमीची फी भरतात.