सुवर्णतबकडीत काय जपलं आहे?

१९७७ साली निघालेल्या दोन व्हॉयेजर यानांवरच्या तबकडीने मानवी संस्कृती अंतराळात कायमची जतन केली, असं सर्रास म्हटलं जातं. सोन्याचा मुलामा दिलेल्या या तांब्याच्या तबकडीत मराठीसह ५५ भाषांतल्या शुभेच्छा, शंभरहून अधिक चित्रं आणि सुमारे दीड तासाचं संगीत आहे. त्यात गायिका केसरबाई केरकरांची भैरवी जेमतेम साडेतीन मिनिटं. ही झाली नोंद. जतन हे विरजणासारखं असतं: कालचं दही आजच्या दुधाला लागलं, तरच उद्याचं दही. युनेस्कोच्या २००३ च्या करारानेही अमूर्त वारशाच्या (वस्तूत नव्हे, कृतीत टिकणाऱ्या परंपरेच्या) रक्षणात नोंदीबरोबर पुढच्या पिढीला शिकवणं धरलं आहे. जयपूर-अत्रौली घराण्याची गायकी केसरबाईंकडून त्यांच्या शिष्या धोंडूताई कुलकर्णींकडे आली ती समोर बसून घेतलेल्या तालमीतून.

मग तबकडी निरुपयोगी का? मुळीच नाही. शिकवणारा उरला नाही, तर ध्वनिमुद्रण हाच आधार. परदेशात वाढणाऱ्या मुलांनाही गाण्याची ओळख पुष्कळदा त्यातूनच होते. पण ऐकणाऱ्याने गळा लावला, तरच पुढचं सगळं. व्हॉयेजरच्या तबकडीसोबत सुई दिली आहे, ती कशी लावायची याच्या खुणाही आवरणावर कोरल्या आहेत. मैफलीच्या शेवटी भैरवीच का गातात, हे मात्र त्यात कुठे नाही.