अपरिचित परदेशी विक्रेत्यास रक्कम प्रदान करण्याच्या पद्धती आणि खरेदीदाराची सुरक्षितता

प्रस्तावना

परदेशातून माल मागविणे हे एकेकाळी परवानाधारक पेढ्यांचे काम होते. आज प्रयोगशाळेतील जुन्या यंत्राचा सुटा भाग, एखादे विशिष्ट भिंग किंवा दुर्मिळ ग्रंथ यांसाठी महाविद्यालयातील प्राध्यापक स्वतःच शेन्झेन अथवा हँबुर्ग येथील विक्रेत्याशी ई-मेलवरून बोलणी करतात. असा प्रस्ताव खरेदी समितीपुढे येतो तेव्हा तुलनात्मक तक्त्यातील किंमत, हमी आणि पुरवठ्याचा कालावधी यांवर चर्चा होते. रक्कम कोणत्या मार्गाने पाठवावयाची हा मात्र लेखा विभागाचा तपशील मानला जातो. फसवणुकीच्या दृष्टीने हाच तपशील सर्वांत महत्त्वाचा आहे. विक्रेता खरा की खोटा, याचे खात्रीलायक उत्तर हजारो किलोमीटर अंतरावरून सहसा मिळत नाही. माल न आल्यास रक्कम परत मागण्याचा अधिकार कोणाकडे, किती दिवस आणि कोणत्या नियमाखाली उरतो, याचे उत्तर मात्र खरेदीपूर्वीच मिळू शकते. प्रस्तुत लेखात या दुसऱ्या प्रश्नाच्या अनुषंगाने प्रदानाच्या प्रचलित पद्धतींचे विवेचन केले आहे.

हुंडीच्या व्यवहारातील दृष्टी

हा प्रश्न इंटरनेटने निर्माण केलेला नाही. भारतीय सावकारी व्यवहारात रूढ असलेल्या हुंडीच्या प्रकारांत तो स्पष्टपणे ओळखलेला दिसतो. शहाजोग हुंडीचे पैसे ती आणणाऱ्या कोणासही दिले जात नसत. बाजारात पत असलेल्या ‘शहा’लाच, म्हणजे प्रतिष्ठित व्यापाऱ्यालाच, ते मिळत. हुंडी पुढे बनावट अथवा चोरीची निघाल्यास वसुली कोणाकडून करावयाची हे त्यामुळे आधीच ठरलेले असे. जोखमी हुंडी तर मालाशीच बांधलेली होती. जहाजावर चढविलेला माल मुक्कामी सुखरूप पोहोचला तरच तिची रक्कम देय होई. पैसे घेणारा हाताशी असणे आणि पैसे मालाच्या आगमनावर अवलंबून ठेवणे, अशा या दोन युक्त्या होत. आजच्या सुरक्षित पद्धती पाहिल्या तर त्यांत या दोहोंपैकी एक तरी आढळते. असुरक्षित पद्धतीत दोन्ही नसतात.

बँकेमार्फत थेट प्रेषण

परदेशी खात्यात बँकेमार्फत थेट रक्कम पाठविणे, ज्यास व्यवहारात ‘टीटी’ असे म्हणतात, ही विक्रेत्याच्या सर्वाधिक सोयीची पद्धत आहे. हे व्यवहार बहुतांशी १९७३ मध्ये बेल्जियम येथे स्थापन झालेल्या ‘स्विफ्ट’ या संस्थेच्या जाळ्यातून होतात. ही संस्था स्वतः पैसे हलवीत नाही. ती बँकांचे संदेश परस्परांकडे पोहोचविते आणि त्या संदेशांनुसार बँका आपापली खाती नावे-जमा करतात. लाभार्थीच्या खात्यात रक्कम एकदा जमा झाली की ती परत आणण्यासाठी त्याची संमती किंवा त्या देशातील सक्षम यंत्रणेचा आदेश लागतो. पाठविणाऱ्या बँकेचा ‘रिकॉल’ संदेश ही विनंती असते, आज्ञा नव्हे. खातेदार भामटा असेल तर ही विनंती पोहोचेपर्यंत खाते बहुधा रिकामे झालेले असते.

याचा अर्थ टीटी मागणारा प्रत्येक विक्रेता लबाड असतो असा नाही. ३० टक्के आगाऊ आणि उर्वरित ७० टक्के माल रवाना होण्यापूर्वी, ही चिनी पुरवठादारांची नित्याची अट आहे व प्रामाणिक कारखानदारही तीच घालतात. सावध व्हावे ते विसंगतीमुळे. कंपनी एका देशातील आणि खाते तिसऱ्याच देशातील, देयक संस्थेच्या नावाचे आणि खाते व्यक्तीच्या नावाचे, प्रथम कार्ड स्वीकारण्याची तयारी आणि ऐनवेळी ‘तांत्रिक अडचण’ असे प्रकार घडले की व्यवहार तेथेच थांबविणे श्रेयस्कर. परक्या विक्रेत्यास रोखीने उचलता येणारी रक्कम धाडणे तर टाळावेच. अशा प्रेषणांतून झालेल्या फसवणुकींच्या संदर्भात वेस्टर्न युनियन कंपनीने जानेवारी २०१७ मध्ये अमेरिकी शासनाशी तडजोड करून ५८ कोटी ६० लाख डॉलर देण्याचे मान्य केले होते. आभासी चलनाच्या बाबतीत तर विनंती करण्यासाठी मध्ये बँकही नसते.

लेटर ऑफ क्रेडिट आणि त्याची मर्यादा

मोठ्या खरेदीसाठी लेटर ऑफ क्रेडिट, म्हणजेच बँकांच्या बोलीतील ‘एलसी’, हा पारंपरिक उपाय आहे. विक्रेत्याने ठरलेली कागदपत्रे बिनचूक सादर केल्यास रक्कम देण्याची हमी यात खरेदीदाराची बँक देते. आंतरराष्ट्रीय वाणिज्य मंडळाची ‘यूसीपी ६००’ ही नियमावली १ जुलै २००७ पासून अशा व्यवहारांना लागू केली जाते. तिच्या पाचव्या कलमातील तत्त्व प्रत्येक खरेदीदाराने ध्यानात घेण्याजोगे आहे. बँकेचा संबंध कागदपत्रांशी असतो, मालाशी नाही.

या तत्त्वाचा परिणाम काय होतो हे न्यूयॉर्क येथील १९४१ च्या श्टेन विरुद्ध जे. हेन्री श्रोडर बँकिंग कॉर्पोरेशन या गाजलेल्या खटल्यावरून दिसते. येथे खरेदीदार अमेरिकी होता आणि अपरिचित परदेशी विक्रेता होता लखनौचा. ब्रशांसाठी लागणाऱ्या राठ केसांची मागणी नोंदविली गेली आणि एलसी उघडण्यात आली. विक्रेत्याने पन्नास पेट्या जहाजावर चढविल्या, भरणापत्र मिळविले आणि कागदपत्रे कानपूर येथील बँकेमार्फत पुढे पाठविली. पेट्यांत मात्र गाईचे केस आणि निरुपयोगी कचरा भरला होता, असे खरेदीदाराचे म्हणणे होते. न्यायालयाने प्राथमिक टप्प्यावर ही कथने खरी गृहीत धरली आणि विक्रेत्याची हेतुपुरस्सर लबाडी रक्कम देण्यापूर्वीच बँकेच्या निदर्शनास आली असल्यास हमीच्या स्वतंत्रतेचा नियम त्याच्या मदतीस येणार नाही, असे ठरविले. ‘फसवणुकीचा अपवाद’ म्हणून ओळखले जाणारे हे तत्त्व पुढे इतर देशांच्या न्यायालयांनीही विचारात घेतले. तथापि हा अपवाद अरुंद आहे. लबाडी उघड असावी लागते आणि ती वेळेत कळावी लागते. माल अद्याप समुद्रात असताना पेटीत काय आहे हे कळणार कसे?

व्यवहारातील उत्तर असे की, एलसीमध्ये मागावयाच्या कागदपत्रांतच त्रयस्थ तपासणी संस्थेचे, माल चढविण्यापूर्वी केलेल्या पाहणीचे प्रमाणपत्र समाविष्ट करावे. तसे केले नाही तर एलसी ही केवळ नीटनेटक्या कागदांची हमी ठरते. यास खर्च येतो. त्यामुळे लाखो रुपयांच्या उपकरणासाठी हा मार्ग योग्य असला तरी एखाद्या भिंगासाठी तो अव्यवहार्य आहे.

कार्ड आणि मध्यस्थ खाते

लहान खरेदीसाठी क्रेडिट कार्ड हेच सामान्यतः अधिक सुरक्षित साधन होय. व्हिसा, मास्टरकार्ड यांसारख्या जाळ्यांच्या नियमांनुसार माल न मिळाल्यास खरेदीदार आपल्या बँकेमार्फत ‘चार्जबॅक’ मागू शकतो. तेथे विक्रेत्याची बँक उत्तरदायी असते; शहाजोग हुंडीतील ‘शहा’ची जागा तीच घेते. मध्यस्थ खात्याच्या पद्धतीत रक्कम तिसऱ्याकडे अडकून राहते आणि माल मिळाल्याचे कळल्यावरच विक्रेत्यास सुटते. चीनमध्ये अलीपे ही सेवा मुळात ताओबाओवरील अनोळखी खरेदीदार-विक्रेत्यांमधील हाच पेच सोडविण्यासाठी उभी राहिली.

भामट्यांना हे नियम उत्तम ठाऊक असतात. चार्जबॅकची मुदत अनेक प्रकारांत सुमारे १२० दिवसांची, तर पेपालवरील तक्रारीची १८० दिवसांची असते. म्हणून ‘माल सीमाशुल्कात अडकला आहे, थोडा धीर धरा’ अशी आर्जवी पत्रे एकामागून एक येत राहतात. पेपालवर एकदा मागे घेतलेली तक्रार पुन्हा उघडता येत नाही. म्हणून ती मागे घेण्यासाठीही गळ घातली जाते. आणखी एक प्रकार म्हणजे खरेदीदाराच्याच शहरात, पण भलत्याच पत्त्यावर, एखादी क्षुल्लक वस्तू पाठवून ‘पोहोचली’ अशी नोंद मिळविणे. सौजन्यापोटी मुदत हातची घालविणे हा येथे सर्वांत महागडा शिष्टाचार ठरतो.

ओळखीच्या नावाआडचा भामटा

विक्रेता खरा असूनही पैसे भलत्याच्या हाती जाऊ शकतात. २०१३ ते २०१५ या काळात लिथुआनियातील एका इसमाने तैवानच्या क्वांटा कॉम्प्युटर या पुरवठादाराच्या नावाने बनावट देयके व ई-मेल पाठवून गूगल आणि फेसबुक या कंपन्यांकडून १२ कोटी डॉलरहून अधिक रक्कम उकळली. डिसेंबर २०१९ मध्ये त्यास अमेरिकेत पाच वर्षांची शिक्षा झाली. या प्रकरणातील बोधप्रद भाग असा की, त्याने लाटव्हियात त्याच नावाची कंपनी नोंदविली होती व तिची खाती लाटव्हिया आणि सायप्रस येथे उघडली होती. म्हणजे खात्यावरील नाव जुळत होते; देश जुळत नव्हता. खाते बदलल्याची सूचना आल्यास तिची खातरजमा त्याच ई-मेलला उत्तर देऊन करणे व्यर्थ आहे. पूर्वीपासून नोंद असलेल्या दूरध्वनी क्रमांकावरच ती केली पाहिजे.

संकेतस्थळांनी बहाल केलेल्या ‘पडताळलेला विक्रेता’ या बिरुदाविषयीही असेच म्हणता येईल. फेब्रुवारी २०११ मध्ये अलीबाबा कंपनीने स्वतःच जाहीर केले की, २००९ आणि २०१० या दोन वर्षांत शुल्क भरून विशेष दर्जा मिळविलेल्या २,३२६ विक्रेत्यांनी खरेदीदारांची फसवणूक केली होती आणि कंपनीच्या काही विक्री कर्मचाऱ्यांनी त्याकडे काणाडोळा केला किंवा साहाय्य केले होते. मुख्य कार्यकारी अधिकाऱ्यास त्या वेळी पद सोडावे लागले. तक्रारींतील सरासरी रक्कम १,२०० डॉलरच्या आत होती, म्हणजे तपासणीचा खर्च करावा इतकी मोठी नाही आणि सोडून द्यावी इतकी लहानही नाही. महाविद्यालयीन खरेदी बहुधा याच पट्ट्यात मोडते.

भारतीय खरेदीदाराची स्थिती

रिझर्व्ह बँकेने ६ जुलै २०१७ रोजी काढलेल्या परिपत्रकाने ग्राहकाचे दायित्व मर्यादित केले, ते त्याच्या संमतीविना झालेल्या व्यवहारांपुरते. स्वतः अर्ज भरून, स्वाक्षरी करून पाठविलेली रक्कम त्या संरक्षणात बसत नव्हती. फसवणूक लक्षात येताच बँकेस लेखी कळवून रिकॉलची मागणी करणे आणि १९३० या साहाय्य क्रमांकावर तक्रार नोंदविणे, ही दोन्ही कामे त्याच दिवशी, शक्यतो त्याच तासात व्हावयास हवीत.

संस्थेच्या बाबतीत आणखी एक गुंतागुंत उद्भवते. मालाच्या आयातीसाठी बँकेमार्फत पाठविलेल्या रकमेची नोंद ऑक्टोबर २०१६ पासून कार्यान्वित असलेल्या आयात माहिती व संनियंत्रण प्रणालीत होते, आणि सीमाशुल्क विभागाच्या बिल ऑफ एंट्रीशी मेळ बसेपर्यंत ती प्रलंबित दिसते. माल आलाच नाही तर बिल ऑफ एंट्री कोठून येणार? पैसे गमावलेल्या महाविद्यालयास बँकेच्या स्मरणपत्रांनाही उत्तरे द्यावी लागतात आणि पुढे लेखापरीक्षकांचे आक्षेप येतात ते वेगळेच. त्यासाठी मूळ देयक, खात्याचा तपशील असलेले ई-मेल, रिकॉलच्या मागणीची पोच आणि पोलिसांतील तक्रारीची प्रत हे सर्व खरेदीच्या नस्तीत पहिल्या दिवसापासून एकत्र ठेवावे लागते.