शस्त्रक्रिया करावी की थांबावे?

शल्यचिकित्सा शिकणे म्हणजे हाताचे कौशल्य मिळविणे, असा सर्वसाधारण समज आहे. हात सरावाने वळतो. शस्त्रक्रिया करावी की थांबावे, हे स्वतः ठरविण्याची कुवत मात्र त्याहून सावकाश येते.

समजा, रात्री पोटदुखीचा रुग्ण दाखल झाला. दुखणे बेंबीभोवती सुरू होऊन उजवीकडे खाली उतरले आहे; ताप बेताचाच आहे. अपेंडिक्सचा दाह असेल, नसेलही. विनाकारण पोट उघडणे वाईट, आणि उशीर होऊन अपेंडिक्स फुटले तर पू पोटभर पसरून जिवावर बेतते. निवासी डॉक्टरने वरिष्ठांना दूरध्वनीवरून "काय करू?" असे विचारले, तर त्याला उत्तर मिळते, शिक्षण नव्हे. जाणते अध्यापक उलट विचारतात, "तुम्ही काय करणार? आणि का?" तो सांगतो : काही तासांनी पुन्हा पोट तपासीन, नाडी व ताप पाहीन, वेदना वाढली किंवा पोट कडक झाले तर शस्त्रक्रिया. मत आधीच उच्चारलेले असल्यामुळे ते खरे ठरले की चुकले, हे सकाळी त्याला पडताळता येते. थांबणे हाही निर्णयच होय. नवख्याला तोच अधिक जड जातो. वरिष्ठांना केव्हा बोलवावे, हे ओळखणे त्याचाच भाग आहे.

जबाबदारी टप्प्याटप्प्याने सोपविण्याची ही रीत अमेरिकेत बाल्टिमोर येथे १८८९ साली सुरू झालेल्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात विल्यम हॉल्स्टेड यांनी रूढ केली. आपल्याकडे एम. एस.चा अभ्यासक्रम ३ वर्षांचा असून, २०२३ च्या नियमांनुसार त्यांतील ३ महिने जिल्हा रुग्णालयात काम करणे अनिवार्य आहे. महाविद्यालयात अनेक विभागांचे तज्ज्ञ हाताशी असतात. जिल्ह्यात प्रश्न रुंदावतो : शस्त्रक्रिया येथे करावी की रुग्णाला पुढे पाठवावे? पाठवावयाचे तर केव्हा?

अशा वेळी तरुण डॉक्टर "थोडे थांबू" म्हणाला की नातेवाईक अस्वस्थ होतात. "लगेच कापा, नाहीतर पाठवा," असा आग्रह धरणाऱ्यांत गावची प्रतिष्ठित मंडळीही असतात. वस्तुतः त्याला विचारावयाचे ते एवढेच, की पुन्हा केव्हा तपासणार आणि काय दिसले तर बेत बदलणार. पाठविण्याचे ठरलेच, तर शिरेतून सलाईन चालू करणे, पुढील रुग्णालयास आधी कळविणे आणि कोणत्या वेळी काय आढळले याची चिठ्ठी सोबत देणे, ही कामे रुग्णवाहिका निघण्यापूर्वीच व्हावी लागतात.