शी-शूची सवय : आधी बाळाच्या खुणा ओळखा

शेजारणीचे मूल दीड वर्षाचे असून 'शू' सांगते आणि आपले दोन वर्षांचे होऊनही चड्डी ओली करते, एवढे कानावर आले की घरात आईला बोलणी बसतात आणि आईच्या हातून मुलाला चापट बसते. चाळीत, वस्तीत दाराला दार लागून असल्यामुळे ही तुलना चुकत नाही. पण ज्याला चापट बसली, त्याचे शरीर त्या कामाला तयार झाले होते का, हे कुणी पाहिलेले नसते. ते कसे पाहावे, एवढ्यासाठीच आम्ही हे लिहीत आहोत.

तान्ह्या बाळाची शू आपोआप होते. मूत्राशय भरले की रिकामे होते, बाळाला त्याचा पत्ताही नसतो. साधारण दीड ते दोन वर्षांच्या सुमारास 'आता लागली आहे' ही जाणीव त्याला होऊ लागते आणि थोडा वेळ धरून ठेवण्याची ताकद येते. बहुतेक मुले दोन ते तीन वर्षांच्या दरम्यान या शिकण्याला तयार होतात, काहींना त्याहूनही वेळ लागतो. मुलगे बऱ्याचदा मुलींच्या थोडे मागे असतात.

इथे आजीबाई म्हणतील, "आम्ही तर सहा महिन्यांच्या पोराला पायावर बसवून शी करवत होतो!" खरे आहे, आणि त्यात वाईटही काही नाही. दुपटी वाचतात, बाळ कोरडे राहते. पण तिथे वेळ ओळखलेली असते ती आजीने. बाळाच्या चेहऱ्यावरून, दूध पिऊन झालेल्या वेळेवरून ती बरोबर ताडते. मुलाने स्वतः ओळखून, धरून ठेवून, सांगून जाणे ही वेगळी गोष्ट आहे. पायावर बसणारे मूल पुढे चालायला लागल्यावर पुन्हा घरभर करू लागले, तर ते बिघडले असे समजू नये.

मग खुणा कोणत्या? पहिली खूण लंगोटात सापडते. मूल दोन-दोन तास कोरडे राहू लागले, दुपारच्या झोपेतून कोरडे उठले, तर मूत्राशय भरून ठेवू लागले आहे. शीची वेळही बरीचशी ठरल्यासारखी होते. दुसरी खूण चेहऱ्यावर दिसते. खेळता खेळता मूल एकदम थांबते, लाल होते, दाराआड किंवा कॉटखाली जाऊन बसते, नाहीतर पुढे हात धरून उभे राहते. पुष्कळ घरांत या लपण्याला हसतात किंवा रागावतात. वास्तविक यासारखी चांगली बातमी नाही, कारण काय होणार आहे हे मुलाला आधी कळले आहे. करून झाल्यावर येऊन 'शी' म्हणणारे मूल लबाड नसते. आधी ते झाल्यावर सांगते, मग होत असताना आणि शेवटी होण्याआधी. ओली चड्डी ओढून काढू पाहणे, मोठ्या बहिणीच्या मागे मोरीपर्यंत जाणे, 'चप्पल आण आणि आजीला दे' असे दुहेरी काम ऐकून करणे, उकिडवे बसून आपले आपण उठणे, याही खुणाच आहेत. सगळ्या एकदम दिसाव्यात असे नाही. तीन-चार ठळक दिसल्या की सुरुवात करावी. मात्र दिवसभर डायपरमध्ये असलेल्या मुलाला ओलेपणा जाणवतच नाही आणि आईलाही काही कळत नाही. घरी असताना साधी सुती चड्डी घालावी, बटणाची किंवा नाडीची नको, इलॅस्टिकची. मुलाला ती स्वतः खाली करता येते.

घाई करून काय मिळते, हेही तपासले गेले आहे. अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञ टी. बेरी ब्राझल्टन यांनी १९६२ साली ११७० मुलांच्या नोंदी प्रसिद्ध केल्या आणि मुलाच्या तयारीकडे पाहून शिकवण्याचा सल्ला दिला. २००३ साली फिलाडेल्फियातील सुमारे ४०० मुलांच्या पाहणीत असे आढळले की सत्तावीस महिन्यांच्या आत जोर लावून सुरुवात केल्याने फारसा लाभ होत नाही, शिकवण्याचा काळ तेवढा लांबतो. गिरणीत, घरकामाला, बिगारीला जाणाऱ्या आईला हे महिने कुठून आणायचे?

आमच्या मते खरे नुकसान घाईपेक्षा माराने होते. मार खाल्लेले मूल शी रोखून धरते. रोखलेली शी आतड्यात वाळून खडा होते, बाहेर येताना दुखते, मग मूल आणखी रोखते. हे चक्र एकदा सुरू झाले की महिनोन्‌महिने चालते. सार्वजनिक संडासाची भीतीही तेच करते. अंधार, मोठे भोक, बाहेर रांगेतल्यांची दारावर थाप. दोन वर्षांच्या जीवाला आपण आत पडू असे वाटते. म्हणून सुरुवात घरातच करावी. मोरीच्या कोपऱ्यात प्लास्टिकचे छोटे भांडे किंवा जुना कागद पुरतो. जेवणानंतर आतडी हलतात, त्या वेळी पाच मिनिटे बसवावे, त्याहून जास्त नको. झाले तर शाबासकी, नाही झाले तर उठवावे. लहान मुलाची शी निरुपद्रवी असते हा समज चुकीचा आहे. ती गटारात किंवा कचऱ्यात न टाकता संडासातच टाकावी आणि धुणाऱ्याने साबणाने हात धुवावेत. मुलीला धुताना हात पुढून मागे न्यावा.

आई कामावर गेल्यावर मूल ज्यांच्याकडे असते, त्या आजीला, मावशीला, शेजारच्या ताईला खुणा आणि शब्द सांगून ठेवावेत. घरी 'शू' आणि तिथे दुसराच शब्द असेल तर मूल गोंधळते. अंगणवाडीत मूल तीन वर्षांचे झाल्यावर बसू लागते. तिथे पाठवताना चड्डीचा एक जादा जोड द्यावा आणि मूल कोणत्या शब्दाने सांगते ते सेविकाताईंना सांगावे. धाकटे भावंड आले, घर बदलले, ताप किंवा जुलाब झाले, तर शिकलेले मूलही मागे जाते. तेवढे दिवस थांबावे.

रात्रीचे अंथरूण ओले होणे याचा दिवसाच्या सवयीशी संबंध नाही. पाच वर्षांपर्यंत ते पुष्कळ मुलांत होते. मात्र शू करताना मूल रडत असेल, शीत रक्त दिसत असेल, कोरडे राहणारे मूल अचानक सारखे ओले होऊन फार पाणी मागत असेल किंवा चार वर्षांनंतरही दिवसा ताबा येत नसेल, तर दवाखान्यात दाखवावे.